पाटाच्या कडेनं सायकल : नीरा डाव्या कालव्यावर पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

रोडसायकल नवी घेतली की बहुतेकजण थेट हमरस्त्यावर उतरतात आणि दोन-चार ट्रक कानाजवळून गेले की सायकल घरात टांगून ठेवतात. कालव्याकाठचा रस्ता, म्हणजे गावच्या भाषेत पाटकड, हा त्यावरचा चांगला उपाय आहे. चढ नाही, सिग्नल नाही, वाहनं तुरळक आणि बऱ्याच ठिकाणी झाडांची सावली. मात्र हा रस्ता सायकलसाठी बांधलेला नाही. तो पाण्यासाठी बांधला आहे आणि त्यावर हक्क आहे तो पाटबंधारे खात्याच्या गाडीचा, पाणी वाटणाऱ्या पाटकऱ्याच्या दुचाकीचा आणि ऊसवाल्याच्या ट्रॅक्टरचा. पाटाचं वर्ष कसं चालतं हे आधी समजून घेतलं, तर सायकल कुठलीही असो, निभावतं. ते न समजता लाखाची सायकल नेली तरी ती खांद्यावर घेऊन परत यावं लागतं.

इथे उदाहरण घेतलं आहे नीरा डाव्या कालव्याचं. वीर धरणातून निघून तो पुरंदर, बारामती आणि इंदापूर तालुक्यांतून जातो. इंग्रजांच्या काळात, १८८५ च्या सुमारास त्यात पहिल्यांदा पाणी सुटलं. नवख्यांनी सुरुवात करावी ती नीरा गाव, निंबूत आणि सोमेश्वरनगर या पट्ट्यात. नीरा हे पुणे–मिरज लोहमार्गावरचं स्टेशन आहे, नीरा–बारामती डांबरी रस्ता कालव्यापासून फार लांब जात नाही आणि मध्येच काही बिघडलं तर अर्ध्या तासात एसटी थांबते अशा जागी पोचता येतं. पहिल्या महिन्यात ही शेवटची गोष्ट सगळ्यांत मोलाची.

डावा कुठला, उजवा कुठला

पाणी ज्या दिशेला वाहतं त्या दिशेला तोंड करून उभं राहायचं. डाव्या हाताला निघालेला तो डावा कालवा, उजव्या हाताला निघालेला उजवा. नीरा नदी इथे पुणे आणि सातारा जिल्ह्यांची हद्द आहे. डावा कालवा पुणे जिल्ह्यातून बारामतीकडे जातो, तर उजवा पलीकडून पाडेगाव, फलटण करत माळशिरसकडे. वाट विचारताना नुसतं ‘कॅनॉल’ म्हटलं तर समोरचा माणूस त्याला जवळ असलेला कालवा दाखवतो, तो नेमका पलीकडचा निघू शकतो.

कालव्याची लांबी मुखापासून, म्हणजे वीरपासून मोजतात. पूल, मोऱ्या, दारं यांच्या कठड्यांवर ‘कि.मी.’ लिहून आकडे रंगवलेले असतात आणि वितरिकांना, म्हणजे कालव्यातून फुटणाऱ्या लहान पाटांना, क्रमांक असतात. येता-जाता हे आकडे वाचायची सवय लावून घ्या. अपघात झाला, १०८ ला फोन केला आणि ‘उसाच्या शेताजवळ’ असं सांगितलं तर कुणालाही काही कळत नाही, कारण दहा किलोमीटरवर दुसरं काही नाहीच. ‘डाव्या कालव्यावर, अमुक किलोमीटरचा पूल, अमुक गावच्या हद्दीत’ म्हटलं की जवळच्या वस्तीवरचा माणूसही बरोबर जागी येतो.

पाटाचं वर्ष

पाट बारमाही वाहत नाही. खरीप, रब्बी आणि उन्हाळी अशी आवर्तनं, म्हणजे पाणी सोडायच्या पाळ्या असतात. ‘पाटाला पाणी सुटलंय का?’ हा निघण्यापूर्वीचा पहिला प्रश्न. तो चहाच्या टपरीवर विचारला तरी उत्तर मिळतं, कारण तिथे बसलेल्या प्रत्येकाचं पीक त्यावर अवलंबून असतं.

पाणी सुटलेलं असताना हवा गार असते, काठ हिरवा असतो, फिरायला सगळ्यांत छान. पण याच काळात पाझर फुटतात. जिथे कालवा भरावावरून जातो, म्हणजे दोन्ही बाजूंची जमीन खाली आणि पाट वर, तिथे खेकड्यांच्या आणि उंदरांच्या बिळांतून पाणी झिरपतं आणि रस्त्याचा एखादा तुकडा वरून कोरडा दिसला तरी आतून लोण्यासारखा मऊ झालेला असतो. ओळखायची खूण सोपी आहे. भोवतालचा मुरूम फिका आणि तेवढाच तुकडा गडद दिसला, किंवा मध्येच हिरवंगार गवत उगवलेलं दिसलं, तर उतरून चालायचं. शिवाय शेतकऱ्यांचे रबरी पाइप आणि मोटारींच्या केबली रस्त्यावरून आडव्या गेलेल्या असतात. त्यांवरून जाताना चाक काटकोनात ठेवायचं. तिरकं गेलं की ओल्या पाइपवर पुढचं चाक सरकतं आणि खांदा आधी जमिनीला लागतो.

पाट बंद असतो तेव्हा दुरुस्तीची कामं निघतात. पोकलेन गाळ काढून रस्त्याच्या कडेला टाकतो, कधी रस्त्यावरच. तो गाळ वाळून ढेकळं होईपर्यंत तो भाग सोडून द्यावा.

कारखान्यांचा गळीत हंगाम साधारण दिवाळीच्या सुमारास सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. हवामान सायकलसाठी सर्वांत चांगलं असतं ते नेमकं याच महिन्यांत, म्हणून ट्रॅक्टरशी जमवून घेणं भाग आहे. त्याबद्दल पुढे.

पावसाळ्यात, म्हणजे जून ते सप्टेंबर, पाटकड नवख्यांनी टाळावी. मुरमाचा रस्ता चांगल्या पावसानंतर एक दिवस ऊन मिळालं की वापरता येतो. काळ्या मातीच्या रस्त्याला तीन-चार दिवस लागतात. ही माती टायरला चिकटते, त्यावर पाचट आणि खडे चिकटतात आणि पन्नास पावलांत टायर व फोर्क (पुढचं चाक धरणारा दुहेरी दांडा) यांच्यामधली जागा पूर्ण भरून चाक फिरायचं थांबतं. अशा वेळी जोर लावून पेडल मारलं तर मागचा डिरेलर (साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग) स्पोकमध्ये ओढला जातो आणि त्याला फ्रेमशी जोडणारा हँगर मोडतो. मोडलेल्या हँगरची दुरुस्ती गावात होत नाही. उतरायचं, काटकीनं फोर्क, ब्रेक आणि सीटखालची माती खरवडायची, सायकल खांद्यावर घ्यायची आणि जवळच्या डांबरीपर्यंत चालायचं.

आणखी एक तारीख पंचांगात पाहून ठेवा. आषाढी वारीत ज्ञानेश्वर माउलींची पालखी सासवड, जेजुरी, वाल्हे करत नीरेला येते. इथे नदीवर पादुकांना स्नान घालतात आणि पालखी लोणंदकडे जाते. त्या दोन दिवसांत नीरा परिसरात सायकल चालवायला जागाच नसते. वारी पाहायला जायचं तर सायकल घरी ठेवून जावं.

सपाट रस्त्यावर विसावा नसतो

कालव्याचा उतार किलोमीटरमागे साधारण वीतभर, कधी त्याहूनही कमी. डोळ्याला तो दिसत नाही, पायाला जाणवत नाही. नवख्याला वाटतं, सपाट आहे म्हणजे सोपं आहे. खरी अडचण दुसऱ्या तासाला समजते. घाटात उतार आला की पेडल थांबतं, आपण सीटवरून उठतो, पाठ मोकळी होते. पाटकडेला असा उतार कधी येतच नाही. दोन तास बसाल तर दोन्ही तास पाय फिरतच राहतात आणि शरीराचा भार त्याच जागी पडत राहतो. कुल्ले, मनगटं आणि मान दुखून लोक सायकल सोडतात, पाय दुखून क्वचितच.

म्हणून तीन गोष्टी करायच्या.

पहिली, सीटची उंची. भिंतीला धरून सायकलवर बसा, टाच पेडलवर ठेवा, पेडल सर्वांत खाली न्या. गुडघा पूर्ण सरळ व्हायला हवा. मग चवडा पेडलवर ठेवला की गुडघ्यात आपोआप थोडा वाक राहतो. टाच पोचवण्यासाठी कंबर एका बाजूला झुकवावी लागली तर सीट उंच आहे, ५ मिलिमीटर खाली घ्या. सीट जमिनीला समांतर ठेवा. टोक खाली झुकवलं की आराम वाटतो खरा, पण अंग पुढे घसरत राहतं आणि सगळा भार तळहातांवर येतो. बोटं बधिर होण्याचं हे नेहमीचं कारण.

दुसरी, गिअर. पुढे ३४ दाती आणि मागे १७ दाती चक्र असेल तर पेडलच्या एका फेऱ्यात चाक दोनदा फिरतं, म्हणजे ७०० सी चाकावर (रोडसायकलचं नेहमीचं माप) साधारण ४.२ मीटर अंतर. मिनिटाला ८० फेरे धरले तर ताशी २० किलोमीटर होतात. नवख्याला पाटकडेला एवढा वेग पुरेसा आहे. मिनिटाला ५५-६० फेऱ्यांनी जड गिअर रेटत राहिलात तर तेवढाच वेग मिळेल, पण गुडघे बोलायला लागतील. फेरे मोजायला यंत्र नको. पंधरा सेकंदांत उजवा गुडघा वीस वेळा वर आला की ८० झाले.

तिसरी, दर दहा मिनिटांनी पंधरा-वीस पेडलं उभं राहून मारायची. दुखो न दुखो. घड्याळ पाहायला नको, प्रत्येक पुलाला उभं राहायचं असं ठरवलं तरी चालतं.

वाऱ्याचा विचार निघतानाच करावा. पाट पश्चिमेकडून पूर्वेकडे जातो. उन्हाळ्यात दुपारनंतर आणि पावसाळ्यात दिवसभर पश्चिमेचा वारा जोरात असतो, तेव्हा आधी वीरच्या दिशेनं जायचं म्हणजे दमलेल्या पायांना परतीला वारा पाठीशी मिळतो. हिवाळ्यातल्या सकाळी वारा मंद आणि पुष्कळदा पूर्वेकडचा असतो, तेव्हा उलट.

सायकल आणि टायर

पाटकडेला डांबराचे, मुरमाचे आणि खडीचे तुकडे आलटून पालटून येतात. २३ किंवा २५ मिलिमीटरचे टायर असलेली शर्यतीची सायकल इथे आणू नये. रोडसायकलला २८ मिलिमीटरचे टायर हे कमीत कमी, ३२ बसत असतील तर तेच घाला. बसतात की नाही हे टायर आणि फोर्कमधल्या फटीवरून ठरवायचं. दोन्ही बाजूंना ४-४ मिलिमीटर तरी मोकळे हवेत, नाहीतर अडकलेला खडा फ्रेम घासत राहतो. ३८-४० चे टायर असलेली ग्रॅव्हल किंवा हायब्रिड सायकल असेल तर उत्तमच.

हवा किती? साधारण ७० किलो वजनाच्या माणसाला, ट्यूब असलेल्या टायरमध्ये :

२८ मिमी – पुढे ६०, मागे ६५ पीएसआय (पंपावरचं हवेच्या दाबाचं माप)
३२ मिमी – पुढे ५०, मागे ५५
३८ ते ४० मिमी – पुढे ३५, मागे ४०

वजन १० किलोनं जास्त असेल तर ५ पीएसआय वाढवा, कमी असेल तर तेवढीच उतरवा. टायरच्या बाजूवर छापलेला सर्वांत मोठा आकडा ही मर्यादा आहे, तेवढी हवा भरायचीच असं नाही. १०० पीएसआय भरून मुरमावर गेलात तर चाक उड्या मारतं, पकड सुटते आणि हाताला झिणझिण्या येतात. फार कमी भरली तर मोरीच्या कडेवर आपटून ट्यूब रिम आणि दगडात चिमटली जाते आणि शेजारीशेजारी दोन छिद्रं पडतात. पंक्चर काढताना अशी जोडीची छिद्रं दिसली तर काटा शोधत बसू नका, हवा कमी होती.

गावातल्या सायकल दुकानात ७०० सी चा टायर मिळणार नाही. तिथे मिळतो तो २८ × १½ चा, साध्या उभ्या हँडलच्या सायकलचा. नावात २८ असलं तरी त्याचा रिमवर बसणारा व्यास ६३५ मिलिमीटर आणि ७०० सी चा ६२२. तो आपल्या रिमवर सैल पडतो, बसवायचा प्रयत्न करू नका. त्याची ट्यूब रिमचं भोक मोठं असेल तरच अडीअडचणीला कामी येते, कारण तिचा व्हॉल्व्ह जाड असतो आणि प्रेस्टासाठी (रोडसायकलच्या ट्यूबचा बारीक, लांब व्हॉल्व्ह) पाडलेल्या रिमच्या भोकातून जात नाही. म्हणून आपल्या मापाच्या दोन ट्यूब बरोबर हव्यातच.

काटे

इथल्या दहातल्या आठ पंक्चरांचं मूळ दोन झाडांत आहे असं म्हटलं तर अतिशयोक्ती होणार नाही.

एक सराटा. जमिनीलगत पसरणारी वेल, बारीक पिवळी फुलं, चिंचेच्या पानांसारखी पानं. पावसाळ्यात ती हिरवी असते तोवर त्रास नाही. पाऊस संपला की फळ वाळतं आणि त्याच्या पाच फोडी सुट्या होतात. प्रत्येक फोडीला दोन मोठे आणि दोन लहान काटे असतात आणि ती कशीही पडली तरी एक काटा वर राहतोच. मातीच्या रंगाची, तुरीच्या दाण्याएवढी वस्तू, ताशी वीसच्या वेगात दिसणं शक्य नाही. ती असते रस्त्याच्या कडेला आणि दोन चाकोऱ्यांमधल्या गवताळ पट्ट्यात. म्हणजे चाकोरीतच चालवायचं. आणि थांबल्यावर सायकल गवतात आडवी टाकायची नाही, कितीही मोह झाला तरी. पुलाच्या कठड्याला टेकवून उभी करायची.

दुसरी बाभूळ, विशेषतः वेडी बाभूळ. तिचा काटा बोटभर लांब आणि चपलेचा तळ फोडून वर येणारा. शेताची वाट बंद करायला बाभळीच्या फांद्या टाकतात, त्या ओढत नेताना तुटलेले काटे रस्त्यावर पडतात. जिथे ताजं कुंपण घातलेलं दिसेल तिथे सायकल उचलून पुढे जा. नीरेजवळच्या गुळुंचे गावात कार्तिक शुद्ध द्वादशीला काटेबारस होते, ज्योतिर्लिंगाचे भक्त बाभळीच्या काट्यांच्या ढिगावर उघड्या अंगानं झेप घेतात. या मातीत काट्याशी असं नातं आहे. सायकलच्या ट्यूबला मात्र ती श्रद्धा पुरत नाही.

उपाय असे. प्रत्येक ट्यूबमध्ये ४०-५० मिलिलिटर सीलंट, म्हणजे छिद्र आतून बुजवणारं द्रव, घाला. त्यासाठी आतली कोर सुटी होणारा प्रेस्टा व्हॉल्व्ह लागतो. कोर काढायची, बाटलीच्या नळीनं सीलंट आत सोडायचं, कोर घट्ट करायची, हवा भरून चाक एक मिनिट फिरवायचं. आपल्याकडच्या उन्हात ते दोन-तीन महिन्यांत सुकतं, तेव्हा पुन्हा घालायचं. सराट्याचं छिद्र ते बंद करतं, बाभळीचं नेहमी नाही.

सीलंट असेल तर टायरमध्ये घुसलेला सराटा दिसल्या दिसल्या उपटा आणि चाक फिरवा, छिद्र खालच्या बाजूला आलं की ते भरतं. सीलंट नसेल तर हवा टिकून आहे तोवर काटा तसाच राहू द्या आणि सावली, बसायला जागा मिळेल तिथवर जा. भर उन्हात, भरावावर, मागून ट्रॅक्टर येत असताना पंक्चर काढण्यापेक्षा ते बरं.

पंक्चर काढायची पद्धत

घरी तीनदा करून पाहा. तिसऱ्या वेळी पंधरा मिनिटांच्या आत झालं की पाटावर जायला हरकत नाही.

१. मागचं चाक असेल तर साखळी आधी सर्वांत लहान चक्रावर घ्या. रिम ब्रेक असेल तर तो सैल करा, मग चाक काढा. डिस्क ब्रेक असेल तर चाक बाहेर असताना ब्रेक दाबू नका, पॅड एकमेकांना चिकटतात.

२. उरलेली हवा पूर्ण सोडा. टायर दोन्ही बाजूंनी दाबून रिमच्या मधल्या खोलगट भागात ढकला. मग व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूनं लिव्हर (टायर उचकटायची पट्टी) घाला.

३. ट्यूब काढताना ती टायरमध्ये कशी बसली होती ते लक्षात ठेवा. थोडी हवा भरून ओठांजवळून फिरवा, ओठांना बारीक झुळूकही कळते. छिद्र व्हॉल्व्हपासून किती अंतरावर आहे ते मोजा, टायरवर तेवढ्याच अंतरावर काटा असतो.

४. काटा काढा. बाहेरून टोक मोडलेलं असतं आणि आत दोन मिलिमीटर राहिलेला असतो, म्हणून चिमटा जवळ ठेवा. मग फडक्याचा बोळा टायरच्या आतून पूर्ण फिरवा, दोन्ही दिशांना. फडकं जिथे अडकेल तिथे आणखी काटा आहे. नव्या ट्यूबला पाच मिनिटांत पुन्हा पंक्चर होतं ते ही पायरी गाळल्यामुळे. बोटं फिरवू नका, सराटा बोटात घुसतो.

५. नव्या ट्यूबमध्ये गोल आकार येण्यापुरती हवा भरा, आधी व्हॉल्व्ह बसवा, मग ट्यूब, मग हातानं टायर. शेवटचा वीतभर भाग घट्ट येतो. तिथे लिव्हर वापरली तर नवी ट्यूबच चिमटते. समोरच्या बाजूनं टायर रिमच्या खोलगट भागात ढकलत आणत ढील गोळा करा आणि अंगठ्यांनी चढवा.

६. हवा भरण्यापूर्वी दोन्ही बाजूंनी टायर बाजूला करून ट्यूब कुठे दिसत नाही ना ते पाहा.

जुनी ट्यूब फेकू नका. घरी आल्यावर घासून, सोल्युशन लावून, ते तीन-चार मिनिटं सुकू देऊन मग पॅच दाबा. ओल्या सोल्युशनवर लावलेला पॅच उन्हात सुटतो.

पिशवीत ठेवायचं : दोन ट्यूब, तीन लिव्हर, पंप, पॅच आणि सोल्युशन, चिमटा, फडकं, ४-५-६ च्या अॅलन चाव्या असलेलं मल्टीटूल, साखळीची जोडकडी, जुन्या टायरचा चार बोटं लांब तुकडा (टायर फाटला तर आतून लावायला) आणि सुटे पैसे.

माणसं, ट्रॅक्टर, जनावरं

पाटकड एका वाहनापुरती रुंद असते. समोरून उसाचा ट्रॅक्टर आला तर तो थांबू शकत नाही आणि वळू तर मुळीच शकत नाही. मागे दोन ट्रॉल्या असतात, मागची ट्रॉली खड्ड्यात हातभर बाजूला झोके घेते आणि उसाची टोकं बाहेर आलेली असतात. आवाज ऐकू आला की उतरायचं आणि शेताच्या बाजूला उभं राहायचं. पाण्याच्या बाजूला कधीही नाही. दुसरी ट्रॉली पूर्ण पुढे गेल्याशिवाय पाय पेडलवर ठेवायचा नाही. टायरगाडीच्या बैलांना चमकदार कपडे आणि घंटी दोन्हींची सवय नसते, तेव्हा त्यांच्या मागून घंटी वाजवत घुसू नका. दुरूनच ‘मामा, येऊ का पुढं?’ म्हणून विचारा. गाडीवान कासरा आवरतो, मग जा.

रस्त्यावर पडलेलं उसाचं कांडकं चाकाखाली लाटण्यासारखं फिरतं. ते चुकवता येत नसेल तर हँडल सरळ ठेवून, ब्रेक न लावता त्यावरून जा. फडाच्या कोपऱ्यांवर, जिथे शेतरस्ता पाटकडेला मिळतो, तिथे उभ्या उसामुळे काहीच दिसत नाही. वेग चालण्याइतका करा आणि घंटी वाजवा. ऊसतोड मजुरांच्या कोप्या (पाचटाच्या झोपड्या) पाटाजवळ असतील तर तिथे लहान मुलं रस्त्यावरच खेळतात. त्यांचं ते अंगण आहे, आपण त्यांच्या अंगणातून जातो आहोत.

वस्तीवरची कुत्री पळणाऱ्या चाकामागे लागतात. वेग वाढवू नका. उतरा, सायकल कुत्र्याच्या आणि आपल्या मध्ये ठेवा, चालत पुढे जा. वस्तीची हद्द संपली की ते आपोआप मागे फिरतं. दात लागलाच तर जखम साबणानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात लस घ्या.

पुलांच्या कमानींखाली आणि मोठ्या झाडांवर आग्या मोहोळ असतं. पोळं दिसलं तर तिथे थांबणं, धूर, शिट्ट्या हे सगळं टाळा. माश्या उठल्याच तर सायकल जोरात पुढे काढा. पाटात उडी मारू नका.

पाणी

हा भाग दोनदा वाचावा. कालवा नदीसारखा नसतो. जिथे काँक्रीटचं अस्तर आहे तिथे दोन्ही बाजू तिरप्या आणि शेवाळलेल्या असतात. पाय घसरून आत गेलेला पोहणारा माणूसही त्या उतारावरून वर येऊ शकत नाही, हाताला धरायला काही नसतं. हात-तोंड धुवायला, बाटली भरायला, फोटो काढायला उतारावर उतरायचं नाही. घाट किंवा पायऱ्या असतील तिथेच जायचं, आणि पाट भरून वाहत असेल तर तिथेही नाही.

सायकल पाण्यात पडली तर जाऊ द्या. पाणी पुढच्या आवर्तनापर्यंत ओसरतं, सायकल सापडते. कुणी पडलं तर मागोमाग उडी घेऊ नका. पाइप, दोर, लांब काठी, पाण्यावर तरंगणारा कॅन, जे हाताला लागेल ते फेका आणि काठानं धावत पुढच्या पुलाकडे जा. स्वतः पडलात तर प्रवाहाविरुद्ध न झगडता पाठीवर तरंगत कडेकडेनं सरका, पायऱ्या किंवा झाडाची मुळं पकडा. ओढ्याखालून पाणी नेणारे सायफन आणि दारं यांपासून मात्र आधीच बाजूला व्हायला हवं, तिथे पाणी माणसाला खाली ओढतं.

पाटाचं पाणी प्यायचं नाही. शेतातली खतं, फवारणीचे डबे, जनावरं, सगळं त्यातच धुतलं जातं. तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी लागतं, उन्हाळ्यात त्याहून जास्त. दोन बाटल्या घ्या, एकीत लिटरला सहा लहान चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ या हिशेबानं साखर-मीठ घाला. संपलं तर वस्तीवर ‘मावशी, प्यायला पाणी मिळेल का?’ म्हणून विचारा. नाही म्हणणारं घर विरळा. खायला केळी आणि शेंगदाणा-गूळ पुरतं.

नदीकाठ आणि बंधारे

पाटाचा कंटाळा आला की नदीकडे उतरणाऱ्या वाटा आहेत. नीरेवर कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत, त्यांवरून पलीकडच्या काठावर जाता येतं. बंधाऱ्याची वाट अरुंद असते, कठडा पुष्कळदा नसतो आणि ढापे (पाणी अडवायच्या फळ्या) बसवायच्या खाचा पायाखाली उघड्या असतात. २८ मिलिमीटरचं चाक त्यांत अलगद अडकतं. सायकल हातात धरून चालत पार करायचं.

बंधाऱ्यावरून पाणी वाहत असेल, ते घोट्याएवढं असलं तरी, परत फिरायचं. नीरा परिसरात पाऊस नसला म्हणून नदी वाढणार नाही असं समजू नका. भाटघर, नीरा देवघर आणि गुंजवणी या वरच्या धरणांचं पाणी वीरमध्ये येतं आणि तिथून नदीत सोडलं जातं. घाटमाथ्यावर पाऊस झाला की इथे कोरड्या उन्हात नदी चढते. पावसाळ्यात वीरच्या विसर्गाची बातमी पाहिल्याशिवाय नदीकाठ धरू नये. धरणाच्या भिंतीवर परवानगीशिवाय जाऊ नका.

पहिल्या चार फेऱ्या

प्रत्येक वेळी ज्या रस्त्यानं गेलात त्याच रस्त्यानं परत या. गोल फेरीचा मोह नंतर. सूर्योदयाला निघा, साडेनऊच्या आत परत या, दोघंजण असा.

पहिली फेरी जाऊन-येऊन १५ किलोमीटर. वेगाकडे पाहू नका, रस्त्याचे तुकडे ओळखा : डांबर, मुरूम, खडी, मऊ जागा. दुसरी २५, उभं राहून पेडल मारण्याचा नेम या फेरीत लावायचा. तिसरीच्या आधी आठवडाभर जाऊ द्या. मग ३५ आणि चौथी ५०. दोन फेऱ्यांमध्ये निदान दोन दिवस हवेत. बसायची जागा त्याच वेळात सरावते, जास्त जाड सीट घेऊन नाही. उलट जाड जेलचं कव्हर मांड्यांना घासतं. गादी लावलेली सायकलची चड्डी घाला, आत दुसरं काही घालू नका.

खडीवर आणि मऊ मुरमावर पुढचा ब्रेक जोरात दाबायचा नाही. वेग आधीच कमी करायचा, हात सैल, कोपर थोडे वाकलेले, नजर चाकावर न ठेवता दहा-पंधरा मीटर पुढे. चाक घसरतंय असं वाटलं तर पेडल मारत राहा, थांबलात की पडता.

अंधार पडण्याआधी पाट सोडा. उशीर झालाच तर पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा लावून जवळच्या गावातून डांबरीवर या, आणि तिथेही सांभाळून, कारण पुष्कळ ट्रॉल्यांना मागे दिवे नसतात.

घरी आल्यावर

मुरमाची धूळ साखळी खाते. कोरड्या ब्रशनं साखळी आणि चक्रं झाडा, फडक्यानं पुसा, मग प्रत्येक कडीच्या रोलरवर सायकलच्या तेलाचा एकेक थेंब. दहा मिनिटं थांबून बाहेरचं तेल पूर्ण पुसून काढा. आत राहतं तेच कामाचं, बाहेरचं फक्त धूळ धरतं. गाडीचं ऑइल किंवा ग्रीस लावलं तर दोन फेऱ्यांत त्याचा काळा लगदा होतो. पाण्याचा जोराचा फवारा बेअरिंगवर मारू नका, ओल्या फडक्यानं काम भागतं.

शेवटी चाकं हळूहळू फिरवत दोन्ही टायर उजेडात पाहा. रुतलेले सराटे त्याच वेळी काढा. सकाळी निघताना टायर बसलेला दिसतो तो रात्रभर हवा सोडणाऱ्या अशाच एखाद्या काट्यामुळे.